जित्या मानसाचं धोतर

माझा जलम शिरवळच्या आंगाला, नीरंच्या काठाला, आन् दिली ती हिकडं कोरेगावाजवळ वसन्याच्या काठाला, म्हंजे नदी काय मला सुटली न्हाई, आन् धुनं बी सुटलं न्हाई. काय सांगू तुमाला, कुनी इचारलं म्हातारे तू जल्मात काय केलंस, तर मी सांगते पट्ट्या धुतल्या. हसू नगा. लढाईच्या वक्ताला कोरेगावात एक डाक्टर हुते, त्येंचा सा खाटांचा दवाखाना, आधी तिथं गुळाची वखार हुती, पावसाळ्यात भितीला हात लावला की चिकटायचा आन् मुंगळं तर खाटंच्या पायापतोर यायचं, त्या दवाखान्यात मी आया हुते.

आया कशी झाले ती सांगते. आमचं मालक पलटनीत. आमच्या गावात घरटी एक गडी पलटनीत, त्यात नवं काय न्हाई. लगीन झालं, जरा कुठं वळख व्हाय लागली, तवर लढाई लागली आन् ह्यांना बोटीत घातलं. आधी खुशाली यायची, मग बर्मात पेटलं आन् खुशाली बंद झाली. एक दिस पेन्शनीतलं सुभेदार घरी आलं, मानूस मोठा पर आमच्या तोंडाकडं बघंना, खुटीकडं बघत म्हनलं, आई, किसनाचा पत्ता लागंना. माझ्या सासूनं सरळच इचारलं, म्हंजे मेला का? न्हाई आई, बेपत्ता. मग मेला न्हाई म्हना की, ती म्हनली, बसा, च्या घिऊन जावा. आशी ती. आत्याबाई म्हनायची मी तिला. सुंभ जळला तरी पीळ जायाचा न्हाई आसली बाई, मला लय छळलं तिनं, आन् तिच्यावानी माया बी कुनी केली न्हाई.

घरात गडीमानूस न्हाई, शेत वाट्यानं दिल्यालं, तवा तीच म्हनली, जा दवाखान्यात, डाक्टरला बाई पायजे. त्येंचा कंपौंडर सुदिक लढाईवर गेल्याला. पहिल्या दिशी रगत बघून मला भोवळ आली. डाक्टर म्हनले, बस खाली, पानी पी, मग उठून तेच धू. मानूस देवगुनी, पर तोंड कडू. जाऊ द्या, मेल्या मानसाला कशाला नावं ठेवा.

लढाई म्हनलं की लोकांला बंदुका वाटत्यात. आमच्या हितं कुठली बंदूक? हितं रॉकेल न्हाई, साखर न्हाई, औषध गेलं पलटनीला, कापूस गेला पलटनीला, कापड कंट्रोलात. मग डाक्टरनी कायदाच केला, पेशंट आला की त्येच्या मानसांनी घरनं जुनं धोतर आनायचं. धोतरच का, तर लुगड्याचा रंग जखमंत उतरतो, आन् नव्या कापडाला खळ आसती, ते पू पीत न्हाई. धुऊन धुऊन इरल्यालं पांढरं धोतर पायजे. मी ते फाडून पट्ट्या करायची, वापरल्याली पट्टी हंड्यात सोडा घालून उकळायची, उनात वाळवायची, मांडीवर गुंडाळून ठिवायची, आन् पुन्ना तीच. एकेक पट्टी बामनाला लागली, महाराला लागली, तिची जात कोन इचारतंय.

आन् आमच्या घरात टरंकंत ह्यांची धोतरं हुती. रोजची हुती, लग्नातलं एक हुतं, जरीकाठी. मी एकदा म्हनलं, आत्याबाई, ह्यातलं एक देऊ का दवाखान्यात? तिनं भाकरी तव्यात तशीच ठिवली. म्हनली, जितं मानूस परमुलखात आसताना त्येचं धोतर फाडत्यात व्हय गं? धोतर फाडायचं ते मानूस गेल्यावर, तुझ्या म्हायारात शिकवलं न्हाई का एवढं? ती दर सोमवारी धोतरं काढायची, उन दावायची, निंबाचा पाला घालून परत ठिवायची. आला की नेसाय पायजेत म्हनायची.

मग गणपत आला. आमच्या पल्याडच्या वाडीचा, ह्यांच्याच पलटनीतला. मांडीत गोळी लागून घरी धाडल्याला, वरनं जखम भरल्याली पर आत हाडाची कपची राहिल्याली, ती सडली. बैलगाडीतनं आनला तवा वास आधी आला, गडी मागनं. डाक्टरनी कपची काढली, म्हनले, आता सकाळ-सांच्याला पट्टी बदलायची, पू सगळा गेला पायजे, न्हाईतर मिरजंला न्हिऊन पाय कापायचा. त्येच्या घरी एकच धोतर, ते त्येच्या बाच्या अंगावर. दवाखान्यातल्या पट्ट्या उकळून उकळून जाळी झाल्याली. गडी तरनाताठा, त्येचा पाय जातोय म्हनून माझा जीव खाली-वर व्हायचा.

आन् मला त्येला इचारायचं हुतं. जखम धुताना रोज तोंडावर यायचं, दादा, आमचं मालक कुठं दिसलं का. पर तो माझ्या कपाळाकडं बघायचा, कुंकवाकडं, आन् मान भितीकडं करायचा. मी म्हनायची, दुखत आसंल बिचाऱ्याला.

आत्याबाईला कुनी सांगितलं द्येव जाने. भर दुपारची आली, पायात काय न्हाई, त्येच्या खाटंपाशी खाली बसली, आन् मला म्हनली, तू जा, तुझं धुनं पडलंय. मी परसात गेले. खिडकीतनं दिसायचं, ऐकू यायचं न्हाई. तिनं त्येच्या डोस्क्यावरनं हात फिरवला. तो बोलतोय का रडतोय कळंना. लय येळ ती हालली न्हाई. मग उठली आन् वाटंला लागली. मी मागनं हाक मारली, आत्याबाई, काय म्हनला वं? वळली न्हाई. त्येला काय ठावं न्हाई, म्हनली.

दुसऱ्या दिशी सकाळी दवाखान्याच्या दारात उभी, काखंत गठुळं. सोडलं तर ह्यांची धोतरं. सगळी. लग्नातलं बी. मी म्हनलं, आवं आत्याबाई, काय करताय, ते आल्यावर काय नेसतील? ती म्हनली, आला की नवं घील की, पलटनीतला मानूस जुनं कशाला नेसंल. आन् काठ दातात धरून तिनं फाडलं. अजून माझ्या कानात हाय तो आवाज. मला तिथंच कळलं. माझा हात कपाळाकडं गेला, तर तिनं मनगट धरलं, आसं घट्ट की बांगडी पिचली. म्हनली, खबरदार. सरकार बेपत्ता म्हनतंय न्हवं? मग मी जिती हाय तवर पुसायचं न्हाई. धर हे टोक. आन् आमी दोघी सासू-सुना वखारीच्या वट्यावर फाडत बसलो. ती रडली न्हाई. मी घरला येताना वड्यात बसून रडले, पोटभर रडले.

गणपतचा पाय वाचला. मालकाचं धोतर मी लग्नानंतर जेवढं धुतलं न्हाई तेवढं त्या दिसांत धुतलं. लंगडत का हुईना, तो शेतात जाया लागला. दर दिवाळीला यायचा, आत्याबाईच्या पाया पडायचा आन् एक नवं धोतर ठिवून जायाचा. ती ते टरंकंत ठिवायची. त्यावर आमी कवा बोललो न्हाई. लोकांला ती पोरगा बेपत्ता हाय, यील, आसंच म्हनायची, आन् मी तिला तसंच म्हनू दिलं. मरताना तेवढं म्हनली, पोरी, आता तुझ्या मनाला यील तसं कर. म्या काय पुसलं न्हाई.

गणपत गेला तवा त्येच्या अंगावर घालाय ह्याच टरंकंतलं धोतर दिलं. बाकीची हायती. भाचा म्हनतो, मावशे, कुनाला तरी दिऊन टाक. म्हनलं, आसू दे रं. तुमी एवढ्या लांबनं आलासा, म्हातारीचं ऐकून घेतलंसा, तुमच्या घरचं मानूस कुठं बी जाऊ दे, पर माघारी यिऊ दे. आता उठते मी. आज सोमवार, उन हाय तवर धोतरं आत घ्याची हायती.