सरासरीचा कठडा

पुरुषोत्तम : …आणि ती डावीकडची खिडकी खोटी आहे, आई. मागे नुसती भिंत. उजवीकडे खिडकी, म्हणून डावीकडेही दिसायला हवी. जुने इंग्रज आर्किटेक्ट सिमेट्रीसाठी काहीही करायचे.

गिरजाबाई : म्हंजी उजेड न्हाई, वारा न्हाई, नुसतं सोंग. आन् धुराडी किती रं? अकरा मोजली म्या.

पुरुषोत्तम : बारा. एक मागे आहे. अगं, हे अख्खं घर इंग्लंडमधलं. साठ वर्षांपूर्वी इथल्या एका तंबाखूवाल्या शेठनं विकत घेतलं, दगडादगडावर नंबर टाकले आणि बोटीनं व्हर्जिनियात आणून पुन्हा उभं केलं.

गिरजाबाई : घरानं बी आपल्यावानी बिऱ्हाड पाठीवर घेतलं म्हन की. आज हितं पाल, उद्या तितं.

पुरुषोत्तम : आई, ते पालाचं मिसेस ॲशबीला सांगू नकोस हं. हे घर सांभाळणाऱ्या ट्रस्टची मुख्य आहे ती, उद्या भेटेल. मी तिला सांगितलंय, बाबा इंजिनिअर होते.

गिरजाबाई : तुजा बाप इंजनेर? मंग म्या कोन रं? त्यो तापलं लोखंड सांडशीत धरायचा आन् घण म्या मारायची. गावोगाव फाळ केलं, इळं केलं, तवा शाळा झाली तुजी.

पुरुषोत्तम : माहीत आहे गं. चल, थंडी आहे. गाडीत बसू.

गिरजाबाई : थांब की. ह्योच न्हवं का तुजा कठडा? पत्रात लिवलं हुतंस, अडीचशे वर्सांचा, लोहारानं हातानं ठोकलेला, आन् त्याचं काम तुज्याकडं. सूनबाई तवा माज्यापाशीच हुती, दीपानंच दोनदा वाचून दावलं मला.

पुरुषोत्तम : हो. तोच.

गिरजाबाई : पुरू…

पुरुषोत्तम : काय?

गिरजाबाई : ह्यो ठोकलेला न्हाई. साच्यातनं काडलाय.

पुरुषोत्तम : रंग जाड दिलाय, म्हणून तसं वाटतं.

गिरजाबाई : रंगानं घाव बुजत न्हाई. हात लावला की घावतो. ह्यो गज बग, आन् ह्यो. जुळं. समदं जुळं. माज्या जलमात दोन फाळ येकासारकं झालं न्हाईत.

पुरुषोत्तम : चौऱ्याऐंशी गज होते, आई. दोन महिने एकेक मोजला. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कुठे पाव इंच जास्त, कुठे टोक जरा कललेलं. मला वाटलं, असं वेडंवाकडं ड्रॉइंग पाठवलं तर म्हणतील, या इंडियन माणसाला धड मोजता येत नाही. म्हणून सगळ्यांची सरासरी काढली. एकच गज काढला आणि खाली लिहिलं, चौऱ्याऐंशी, सगळे असेच.

गिरजाबाई : मंग?

पुरुषोत्तम : गज दुरुस्तीला गेले होते. वर्कशॉपनं ड्रॉइंग बघून नवे ओतले. जुने भंगारात टाकले. मी पोचलो तोवर वितळवलेसुद्धा.

गिरजाबाई : समदं?

पुरुषोत्तम : सगळे.

(गिरजाबाई कठड्यावरचा हात काढून पदरात घेतात.)

गिरजाबाई : लोहाराच्या पोटचा तू. तुला कसं रं कळलं न्हाई?

पुरुषोत्तम : कळलं होतं. मोजताना बोटांना कळत होतं. तरी कागदावर चूक म्हणूनच लिहीत गेलो. लाज वाटते आई. झोप लागत नाही.

गिरजाबाई : त्या मडमेला ठावं हाय?

पुरुषोत्तम : नाही. उद्या तिच्यासमोर सही करायचीय, जुनाच कठडा दुरुस्त करून बसवला म्हणून. खरं सांगितलं तर जॉब गेला. जॉब गेला की ग्रीन कार्डही अडकलं. दीपाला सातवा महिना. तू सांगशील तसं करतो.

गिरजाबाई : मला इचारतूस?

पुरुषोत्तम : दुसऱ्या कुणाला विचारू?

गिरजाबाई : कर सही.

पुरुषोत्तम : आई!

गिरजाबाई : कर म्हनते ना. लेकरू यायचंय घरात. तू तापानं फणफणला हुतास, तवा म्या बी जुना फाळ उजळून नवा म्हनून इकलाय. तुज्या बापाला बी सांगितलं न्हाई.

पुरुषोत्तम : मला वाटलं, तू ओरडशील. थोबाडीत मारशील. खरं म्हणजे तेच हवं होतं मला.

गिरजाबाई : वरडून गज माघारी येत्यात व्हय? भिऊ नगंस. कुनाला कळायचं न्हाई. वळखनारी मानसं मरून गेली.

पुरुषोत्तम : तुला कळलं ना.

गिरजाबाई : माजं काय. म्या बेस्तरवारी जाते माघारी.