पाठ भाजू नये म्हणून

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, "द्रीका, हे सगळं तुझ्यामुळे झालं!" माझ्यामुळे? आता तुम्हीच सांगा, मी काय केलं? मी एक अक्षर बोलले नाही हो! नवरा डिसेंबरअखेर मनुक्यांच्या कारखान्यातून रिटायर झाला, आयुष्यभर फिटर होता तिथे, शेवटच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली, आणि तुम्हाला सांगते, मी इकडे व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या, म्हटलं आता दोघं निवांत बसू, कॉफीत रस्क बुडवू, इतकी वर्षं कारखान्यानं वापरलेला माणूस आता जरा माझ्या वाट्याला येईल... तर माझा वेसल पुढच्या दारानं आत आला आणि मागच्या दारानं गॅरेजात गेला! आणि गेला तो गेलाच!

का, तर म्हणे बग्गी बनवायची. वाळूत पळवायची बग्गी. चार चाकं, दोन खुर्च्या, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आणि पाठीमागे मोटरसायकलचं इंजिन. दार? नाही. काच? नाही. छप्पर? नाही. मी म्हटलं, मग आहे काय? तर म्हणतो, "द्रीका, स्पीड आहे!" स्पीड! या माणसानं चर्चला जाताना कधी तिसऱ्याच्या वर गिअर टाकलेला मी पाहिला नाही!

आणि हे खूळ शिरलं कुणामुळे? आमच्या रूलफमुळे. रूलफ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मीमीचा नवरा. मेंढ्या चिकार, पैसा चिकार, आणि आवाज त्याहून चिकार. त्यानं आणली दुकानातून तयार बग्गी, आणि ख्रिसमसला आम्हा सगळ्यांना जमवून शेतामागच्या लाल टेकडीवर झुईंकन चढवून दाखवली. खाली उतरला, गॉगल कपाळावर सरकवला, आणि वेसलच्या पाठीवर थाप मारून म्हणतो कसा, "काय साडूभाऊ, जमेल का तुम्हाला? नाही, तुम्ही आपले नटबोल्ट आवळा, वाळू आमच्यावर सोडा!" झालं! आमच्या वेसलचे कान लाल. त्याला राग आला की तोंड बंद होतं आणि कान लाल होतात. म्हणाला, "ईस्टरला येतो. माझ्या हातानं बनवलेली बग्गी घेऊन. तुझ्या याच टेकडीवर चढवतो, आणि शेजारी द्रीका बसलेली असेल." शेजारी द्रीका! द्रीकाला कुणी विचारलं? पण चार माणसांत नवऱ्याला कशाला तोंडघशी पाडा? मी एक अक्षर बोलले नाही.

मग काय विचारता! माझी गाडी उन्हात. जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, अपिंग्टनमध्ये तेव्हा ऊन कसलं असतं, तुम्हाला सांगते, मी ओव्हनचे हातमोजे घालून स्टिअरिंग धरत होते! दुकानात लोक ते हातमोजे बघून विचारायचे, "द्रीकाताई, आज केक का?" घरात पाहावं तर चहाची गाळणी नाही, कारण तिच्यातून पेट्रोल गाळलं. आणि मदतीला कोण? शेजारचा आपूल्स. वेल्डिंग बरं करतो, पण सगळ्याला उत्तर एकच. "आपूल्स, ही नळी वाकेल का?" "होईल की." "आपूल्स, हे तुटणार नाही ना?" "होईल की!" जेवायला हाक मारली तर दोघंही आतून ओरडायचे, "आलोच!" आणि मी एकटी टेबलावर, समोर त्याचं ताट झाकलेलं. खरं सांगते, रडू यायचं मला. माझं देवाकडे मागणं एकच होतं, ही बग्गी एकदाची त्या टेकडीवर चढू दे आणि माझा माणूस घरात परत येऊ दे.

तेवढ्यात रूलफचा फोन! "साडूभाऊ, मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो म्हणे? मग टेकडीवर अडकलात तर मागे कसे येणार? दोर घेऊन उभा राहू का?" आता हे खरंच होतं हो. मोटरसायकल मागे न्यायची तर पायानंच ढकलतात. वेसल जेवताना काट्यानं बटाट्यावर गिअर काढायला लागला. "एक रिव्हर्स मिळाला पाहिजे गं, द्रीका, फक्त एक!"

आणि मग मला बोलावलं. "द्रीका, बसून बघ." बसले. आता खोटं कशाला बोलू, खुर्ची अंगाला काय बसली होती! माझा डावा खुबा दुखतो, हे मी त्याला कधी नीट सांगितलंही नव्हतं, पण त्या बाजूला त्यानं गादी जराशी उंच केली होती. न विचारता. मला एकदम भरून आलं. म्हणून मागे वळले, डोळे पुसायला, आणि बघते तर काय, माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर इंजिनाच्या धुराची चारही तोंडं माझ्याकडेच! मोटरसायकलवर ती पुढच्या बाजूला असतात, वारा लागतो त्यांना. इथे वारा कुठला? इथे पुढे मी! तरी मी एक अक्षर बोलले नाही. इतकंच म्हटलं, "वेसल, मी बायको आहे की शेगडीवरचा मेंढीचा चॉप?"

बस! एवढंच! तर त्यानं आपूल्सला हाक मारली, "आपूल्स, इंजिन उचल, फिरवून उलटं बसवू. धुराडं मागे जाईल, हिची पाठ वाचेल." "होईल की!" इंजिन फिरवलं, चेन दुसऱ्या बाजूला घेतली, मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून चालू केलं, आणि चाकं गरागरा फिरली! वेसलनं टाळ्या वाजवल्या, आपूल्सनं वाजवल्या, मीही वाजवल्या. आता मला सांगा, तीन शहाणी माणसं तिथे उभी, पण चाकं कुठल्या दिशेनं फिरतायत हे एकानं तरी बघावं की नाही? फिरतायत ना? फिरतायत! चला!

आणि "मी कुठे ट्रायल घेणार नाही," म्हणे, "पहिलं चाक रूलफच्या वाळूतच लागेल." मग ट्रेलरवर ढकलून चढवली, ईस्टरला शेतावर नेली, ढकलून उतरवली. सगळं चर्च जमलेलं, विस्तवावर मांस चढलेलं, टेबलावर मीमीचा दुधाचा टार्ट. वेसल बसला, मी बसले, पट्टे आवळले. समोर टेकडी, मागे टेबल. रूलफ ओरडला, "दोर आणू का हो, साडूभाऊ?" वेसलनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला...

आणि आम्ही टेबलात! टार्टवर चाक! वेसल म्हणतो, "चुकून काहीतरी झालं." थोडं ढकलून पुढे घेतली, दुसरा टाकला. परत मागे! तिसरा. मागे! इंजिन उलटं बसवलं तर त्याचं फिरणंही उलटं होणार, हे आत्ता, तिथे, टार्टमध्ये उभं असताना आमच्या फिटरच्या डोक्यात शिरलं. माणसानं रिव्हर्स मागितला एक, आणि मिळाले सहा! पुढे जायला एकही नाही!

लोक हसून लोळले. रूलफ तर मीमीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता हसून हसून. आणि वेसल नुसता बसून राहिला, स्टिअरिंग धरून. कान लाल. वाटलं, संपलं. आता हा परत गॅरेजात जाणार, दार लावून घेणार, आणि मला या जन्मी काही दिसायचा नाही. मी पट्टा सोडला, खुर्चीवर उलटी वळले, गुडघे टेकले, पिंजऱ्याची नळी धरली आणि म्हटलं, "वळव. टेकडीकडे पाठ कर. चल."

"अगं, माझी मान वळत नाही!" खरंच वळत नाही, मशीनखाली वाकून वाकून आखडलीय. चर्चमध्ये मागे कोण आलं हेही मीच सांगते.

"मान माझी, पाय तुझे. चल म्हटलं ना!"

आणि मग मात्र बोलले हो! बापरे, काय बोलले! "डावीकडे! अरे तुझं डावं नाही, माझं डावं! बरं, डावं राहू दे, मेंढ्यांकडे! आता टाकीकडे! झुडूप आलं, झुडूप, झुडूप... गेलं झुडूप! सोडू नकोस, तिसरा टाक! दाब!" आणि तो माणूस, ज्यानं माझं कधी मीठ किती घालायचं एवढंही ऐकलं नाही, तो मी सांगेन ते करत होता! वाळू माझ्या दातांत, डोळ्यांत, केसांत, टेकडी माझ्या अंगावर येतेय, आणि इंजिन किंचाळतंय... आणि एकदम आभाळ! वर! आम्ही वर होतो! पाठमोरे, पण वर! वेसल माझ्याकडे बघून असा हसला ना... लग्नाच्या फोटोतसुद्धा असा हसला नव्हता. उतरलो मात्र सरळ तोंडानं, गिअर न टाकता, घसरत.

आता रूलफला दम कसला निघतो! "त्यात काय, मीही चढवतो उलटी!" पण दुकानातल्या बग्गीला रिव्हर्स एकच, तोही म्हातारीसारखा. अर्ध्यात रुतला! दोर आम्हीच नेला. आणि खाली आल्यावर गॉगलमधली वाळू झाडत, हळूच म्हणतो कसा, "साडूभाऊ, मला पण अशीच एक बनवून द्या ना. पण गिअर सगळे उलटेच पाहिजेत हं!"

म्हटलं, गेला, परत गेला माझा माणूस. वेसल म्हणाला, "द्रीकाला विचारायला लागेल." मला वाटलं परवानगी मागतोय. तर हा माझ्याकडे वळून म्हणतो, "नळ्या धरायला येशील का गं? आपूल्सचं काही खरं नाही. तुझी नजर चांगली आहे."

झालं! आता सकाळपासून मी गॅरेजात. नळी धरते, चाक कुठल्या दिशेला फिरतंय ते बघते, आपूल्सला ओरडते. जेवण तिथेच, कॉफी तिथेच, रस्क बुडवला की खाली लोखंडाचा भुसा लागतो. घर नुसतं रिकामं पडलंय. कुणाला भाड्यानं हवं असेल तर सांगा.