निकोबाचा विस्तव

मंडळी, आज तुम्हाला एकच विचारतो — एखादी गोष्ट राखायची म्हणजे ती कुणाच्या हाती लागू द्यायची नाही, की चार हातांत जाऊ द्यायची? घाईनं माना हलवू नका. तिकडं खांबाला टेकलेल्यांची मान डुलतेय, पण ती पटल्यामुळं नव्हे, एवढं मला कळतं!

तर ऐका. दोन हजार वर्षांमागं आपल्या चौलच्या बंदरात एक यवन राहायचा. यवन म्हणजे ग्रीस देशाचा माणूस. नाव निकांद्रोस. आपल्या लोकांच्या जिभेला ते कुठलं पेलतंय? आळीनं त्याचा निकोबा केला. पोथीत शोधू नका, ही कथा माझ्या पोतडीतली आहे.

त्या ग्रीकांची एक रीत होती. दूर देशी वसायला निघाले की गावच्या मोठ्या चुलीतला विस्तव बरोबर घ्यायचे. चूल म्हणजे त्यांची देवी, हेस्तिया. निकोबा निघाला तेव्हा आईनं निखाऱ्यांचा घट त्याच्या हाती दिला आणि सांगितलं, हा धगधगतोय तोवर तू आपल्या गावचा. पुढं लढाईत ते गाव बेचिराख झालं. आई गेली, चूल गेली. उरला तो विस्तव — समुद्रापलीकडं, चौलला, एका मातीच्या घटात!

मग हा काय करी? दुधाचा पहिला घोट देवीच्या नावानं जमिनीवर सोडी — आपण जेवताना चित्राहुती घालतो ना, तसा — आणि कोळसे घालत बसे. त्या विस्तवावर कधी भात शिजवला नाही. स्वतः चणे-चुरमुरे खाऊन राही. शेजारची नागाई कोळीण विस्तव मागायला आली, तर दारातूनच परत. म्हणे, परक्या चुलीत गेला की बाटला. आळीतल्या बायका म्हणत, काय मेला सासुरवास त्या देवीला, उंबरा ओलांडू देत नाही!

एकदा निकोबाला ताप भरला. दार आतून लावलेलं. तीन दिवस शुद्ध नाही. चौथ्या सकाळी उठला, घटात हात घातला — राख. गार. फुंकून पाहिलं, कोपरापर्यंत हात घालून चाळलं. ठिणगी नाही. मंडळी, घर जळालं म्हणून रडणारे पुष्कळ. विस्तव विझला म्हणून हंबरडा फोडणारा हा एकटाच.

तो ऐकून नागाई धावत आली, निकोबानं दार उघडलं. तिनं घट पाहिला आणि हात जोडले.

"निकोबा, हव्या तेवढ्या शिव्या द्या. मी तुमची चोर आहे."

मग तिनं सांगितलं. तीन वर्षांमागं पावसाचं पाणी शिरून आळीतल्या चुली विझल्या, त्यातच सून बाळंत झाली, शेक द्यायला घरात विस्तव नव्हता. निकोबा बंदरावर गेलेला. हिनं कडी काढली आणि वेळणीत, मडक्यावरच्या झाकणीत, एक निखारा उचलला. तिच्या चुलीतून तो शेजारणीकडं, शेजारणीकडून सगळ्या आळीत.

निकोबानं हळूच विचारलं, मध्ये कधी विझला?

"चूल विझवून कोण निजतं? राखेखाली झाकतो, सकाळी फुंकतो."

तो तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेला. 'बाटला' हा शब्द ओठांवर आलेला. चुलीवर कुळथाचं मडकं उतू जात होतं, नागाईचे डोळे धुरानं चुरचुरत होते. निकोबा बघतच राहिला. कारण आईची चूल त्यानं कधी रिकामी पाहिलीच नव्हती. तीवर मसुरांचं मडकं असायचं आणि आईचे डोळे असेच लाल असायचे. तीस वर्षं त्यानं आग राखली. तो वास मात्र विसरला होता.

नागाईनं निखारा काढायला चिमटा उचलला. त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे, बाई. मला इथंच वाढ."

मंडळी, त्यांची नगरं पडली, देवळांवर छप्पर उरलं नाही. आणि तुम्ही मुलीची पत्रिका घेऊन जोशीबुवांकडं जाता, ते होरा मांडतात, केंद्रातला गुरू दाखवतात — होरा आणि केंद्र हे शब्द मुळात त्या ग्रीकांचे! कुणीतरी, कधीतरी नेले म्हणून राहिले. आता तुमचं सांगा. आजीची ओवी वहीत बंद, वडिलांचा हुन्नर त्यांच्याबरोबर सरणावर, आणि आपण सांगतो, जपलंय म्हणून!

घ्या टाळ. ज्यानं तुम्हाला पहिला अभंग शिकवला, त्याला मनात आणा. नाव आठवत नसेल तरी गा. तुमच्या गळ्यातून तोच गाणार आहे.