न मोडलेला संघ

हाडांच्या दवाखान्यात दुखरं मनगट धरून बसलेल्या सुताराच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

"आई, मोसम संपला. काल शेवटचा सामना झाला."

"कुठला गं?"

"अगं, मी कॉम्प्युटरवर चालवते ना, ती बेसबॉलची काल्पनिक लीग. तिच्यातल्या इतिहासात तुझ्या कारखान्यानं तुमचा बायकांचा संघ मोडलाच नाही. तू लग्नानंतरही खेळतेस."

"तुझ्या बाबांनी खेळू दिलं?"

"ते तर तिकीट काढून बघायला येतात."

"काहीतरीच! बरं, जिंकलो का?"

"करंडक तुमचाच. शेवटच्या डावात तू चेंडू फेकलेस आणि तिघींना बाद केलंस."

"आई म्हणून झुकतं माप दिलंस होय?"

"छे! सामना कॉम्प्युटरच खेळवतो. मी फक्त तुझ्या चेंडूचा वेग भरला, मामानं सांगितला तेवढा."

"दादानं? माझ्या चेंडूवर कायम बाद व्हायचा तो! कमीच सांगणार. पुढच्या मोसमाला वाढव."

नर्सनं दार उघडलं. "चला आजी. कुठला खांदा दुखतोय?"

म्हातारी ताठ उभी राहिली.

"हा. चेंडू फेकते तो."

सुतारानं उठून तिला वाट करून दिली.