टेक्सासचा रबरी किडा

अगं, टेक्सासमध्ये असताना मी बास मासे पकडायला शिकले होते, गळाला लावलेला रबरी किडा पाण्यात भराभर नाचवून. इथे नावन गावाजवळच्या तळ्यावर तोच किडा काढला, तर शेजारी बसलेला म्हातारा पॅट हसला. "इथे बास नाहीतच. पाईक मासे आहेत, आणि थंडीत ते जागचे हलत नाहीत. घरी जा."

"मग मलाही घाई नाही," म्हटलं. किडा तळाशी सोडला आणि इंच-इंच ओढत राहिले. बोटं बधिर झाली, तरी उठले नाही. तासाभराने दोरी ताणली. हातभर पाईक! त्याला परत पाण्यात सोडलं.

"नशीब," पॅट पुटपुटला.

दुसरा लागल्यावर मात्र त्याने विचारलं, "जास्तीचा किडा आहे का?"

"आहे," म्हटलं, "पण देणार नाही."