लाईट जात न्हाई हो!

...आन् वरनं मलाच म्हनतात, "आजी, तुम्ही नशीबवान!" कसलं डोंबलाचं नशीब? बसा, बसा, तुमी पुण्यासनं त्यो डबा बघाय आला न्हवं? मंग दमला आसाल. शाळंमागचा त्यो पांढरा डबा वं, त्यात म्हनं बॅटऱ्याच बॅटऱ्या. गावाच्या पत्र्यापत्र्यावर काचा बसवल्यात, दिसभर ऊन गोळा करायचं, डब्यात कोंडायचं आन् दिवेलागनीला घरोघर सोडायचं! लांबलांबनं मानसं येतात, फोटू काढतात, जातात. ह्या तुळजाबाईला कुनी इचारत न्हाई. म्हनून तुमाला सांगते, लगीन होऊन ह्या माले गावात आले तवापासनं असला तरास कधी झाला न्हवता... लाईट जात न्हाई हो!

हसताय काय? पयलं कसं, समोर एवढं धरान, त्याची वीज जाती मुंबैला, आन् आमाला कुटल्या मुलखातल्या कोळशाची यायची. यायची कमी, जायची जास्त! संध्याकाळी टीव्हीवर शिरेल रंगात आली की... भप्! लगीच पलीकडनं शेजारीन तानूबाई, "तुळजेऽऽ, तुझी गेली का गंऽ?" मी वरडायची, "गेलीऽऽ! तुझी?" "माझी बी!" तवर खालच्या आळीतनं चंद्राबाई, "अगं, सगळ्यांचीच गेली गं बया!" सगळ्यांचीच गेली म्हनल्यावर कसं हलकं वाटायचं! मंग जी ती पदरानं वारा घेत माझ्या ओट्यावर. कुनी शेंगा आनायचं, कुनी सुनंची गाऱ्हानी आनायचं. तेवढ्यात तिकडं जांबे गावासनं माझ्या इंद्रजितचा फोन, "आई, लाईट आहे का?" न्हाई म्हनलं की, "मग जेवलीस का? अंधारात उठू नकोस, पाय जपून टाक..." लाईट येस्तवर बोलत ऱ्हायचं पोरगं.

आन् आता? तानूबाई आत, चंद्राबाई आत, दारं लोटल्याली, घराघरात टीव्ही. इंद्रजित म्हनतो, "आई, आता लाईटचं टेन्शनच नाही, मग कशाला फोन करू?" आमचं म्हातारं गेल्यापासनं ह्या घरात येनारी-जानारी तेवढी लाईटच व्हती, हो! जाईना, म्हंजी येईना बी. लई एकटं वाटतं. सांगायला कसली लाज?

त्या डब्यावरच्या सायलीमॅडम आल्या व्हत्या समजवाय. "आजी, कोळशाशिवाय वीज! धूर नाही, खंड नाही! दिवसा साठवायची, लागेल तेव्हा वापरायची!" मी म्हनलं, बाई, मानसं साठवायचा असला एखादा डबा न्हाई का निगाला? दिवाळीला लेक-सून-नातवंडं आली की गच्च भरून ठेवीन, मंग वरीसभर पुरवून पुरवून वापरीन. तर ती हसली.

मंग मी काय केलं... कुनाला बोलू नका हां! एका संध्याकाळी मीटरजवळच्या मेनची खटकी पाडली खाली. भप्! लगोलग ओट्यावर बसले आन् घातली हाळी, "तानूऽऽ, तुझी गेली का गंऽ?" तर खिडकीतनं उत्तर, "न्हाई की! तुझी एकटीचीच गेली आसंल!"

एकटीचीच! सगळ्यांची जाती तवा अंधार हा अंधार वाटतच न्हाई हो. एकटीची गेली की कसला काळाकुट्ट असतो, बघा एकदा!

बरं, बयेनं उठून यावं का न्हाई? शिरेल सुटंना! बसल्या जागंवरनं तिनंच फोन लावला इंद्रजितला. लगीच माझा फोन वाजला. जीव हरखला माझा, म्हनलं आता बोलंल. "आई, घाबरू नकोस, मी बघतो!" ठेवला. आन् रविवारी सोता हजर की! मी पुरनाचा घाट घातला. पन ह्यो आल्यापासनं त्या वायरमनसंगं भिताडाला चिकटल्याला. हितं भोक पाड, तितनं वायर वढ... पोळी बी उभ्या-उभ्याच खाल्ली. जाताना कसा म्हनतो, "आई, तुझ्यासाठी घरात वेगळी बॅटरी बसवली बघ. गावाची जाऊ दे, मेन पडू दे, आपोआप चालू! आता तुझी लाईट कधीच जाणार नाही!"

झालं! आता मी खटकी पाडते, दिवा ढिम्म. परत वर करते, परत पाडते, त्यो आपला जळतोय. लाईट जात न्हाई हो!

अगं बया, उठला व्हय? च्या टाकते की... बरं, ऱ्हाऊ द्या. पयलं पाव्हनं उठलं की म्हनायची तरी सोय व्हती, "अंधार पडलाय, आता कुटं जाता, ऱ्हावा आजची रात." आता काय म्हनू? रस्ताभर दिवं लख्ख! पयलं मानूस अंगनाबाहेर पडलं की दिसायचंच न्हाई. आता तुमी पार वळनापतुर जाताना दिसनार मला. जावा बाबांनो, सावकाश जावा... लाईट काय जात न्हाई.