उरलेल्या गोळ्या

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते.

"ताई, आईच्या रक्तातल्या जंतूंना कुठलंच औषध लागू पडत नाहीये म्हणे."

"आधी अँटिबायोटिक घेतलं होतं का, ते विचारलं असेल ना?"

"विचारलं. मी नाही म्हटलं."

"अरे, लघवीच्या जळजळीसाठी सारखी घेते ती!"

"पूर्ण कुठे घेते? जरा बरं वाटलं की थांबते. उरलेल्या गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवते."

"कशाला?"

"माझा घसा धरतो ना, म्हणून."

"आणि तू घ्यायचास?"

"घ्यायचो."

"ऊठ. डॉक्टरांना खरं सांगून ये."

"कुठल्या तोंडाने सांगू? परवा तिला हुडहुडी भरली होती, तरी डब्यातल्या शेवटच्या दोन तिने माझ्याच हातावर ठेवल्या. मी नुसता खोकलो होतो गं."